चाउस : एका हुद्द्याची बदनामी

मुंबई बेटाच्या बाबतीत पोर्तुगिजांनी आपल्याला गंडवलेलं दिसतंय, अशा अर्थाचं एक वाक्य सॅम्युअल पेपिसने मे १६६३ मध्ये आपल्या रोजनिशीत लिहिलं. पेपिस लंडनच्या नौदल कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होता. आरमारावर होणारा खर्च त्याच्या नजरेखालून जायचा, त्यामुळे त्याचा संताप समजण्यासारखा आहे. रोजनिशी तो लघुलिपीत लिहायचा, म्हणून भाषा मोकळी. दरबारी सभ्यतेचा तिथे संबंध नाही. आणि 'गंडवलं' या जागी त्याने जे क्रियापद वापरलंय, ते आहे 'चाउस'. उच्चार 'हाउस'सारखा.

प्रसंग आपल्याला शाळेपासून माहीत आहे, पण अर्धाच. दुसऱ्या चार्ल्सच्या लग्नात पोर्तुगालने मुंबई आंदण दिली, एवढं पाठ असतं. कॅथरीन ऑफ ब्रॅगान्झा, १६६१ चा करार. पुढचं कोणी सांगत नाही. बेट ताब्यात घ्यायला सर अब्राहम शिपमन सैन्य घेऊन आला, अर्ल ऑफ मार्लबरोच्या जहाजांतून. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय होता आंतोनियो द मेलो ई कास्त्रो. त्याने कागदपत्रांत खोट काढली आणि बेट द्यायला नकार दिला. नुसतं मुंबई बेट द्यायचं की आजूबाजूची बेटंही, हाही घोळ होताच. मार्लबरो परत गेला. शिपमन आणि त्याचे सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट बघत राहिले, आणि तिथेच तापाने-रोगराईने मरत गेले. शिपमनही १६६४ मध्ये तिथेच मेला. मुंबई इंग्रजांच्या हाती पडली ती फेब्रुवारी १६६५ मध्ये, शिपमनच्या जागी आलेल्या हम्फ्री कुककडे. व्हाइसरॉयच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी: इंग्रज मुंबईत बसले की त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेला, असं त्याने आपल्या राजाला कळवलं होतं. त्याला पुढचं स्वच्छ दिसत होतं. त्याच्या लेखी ही फसवणूक नव्हतीच.

तर मुंबईच्या इतिहासात हा शब्द असा येऊन बसलाय. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे तेव्हा पेपिसचं हे वाक्य वर्गात वाचून दाखवायचे, कारण मुंबईचं नाव ऐकलं की मागच्या बाकांवरची मुलंही वर बघायची. पण मला त्या वाक्यात मुंबईपेक्षा तो शब्द खुपत राहिला. नोकरी मराठवाड्यात. वर्गाच्या हजेरीपटावर दर दोन-तीन वर्षांनी एखादा तरी 'चाऊस' असायचाच. नांदेड, परभणी, औरंगाबाद, जालना या भागात राहिलेल्या कोणालाही हे आडनाव नवं नाही. तोच उच्चार, जवळजवळ तसाच. इंग्रजीतला 'चाउस' म्हणजे भामटा, आणि माझ्या वर्गातला चाऊस, यांचं काही नातं आहे का, हे शोधल्याशिवाय मला चैन पडेना. नातं आहे, आणि सख्खं आहे. पण ते ज्या वाटेने गेलंय, ती वाट नीट सांगितली नाही तर भलत्याच माणसांवर अन्याय होतो. म्हणून हे एवढं लांबण लावून लिहितेय.

मूळ शब्द तुर्की: चावुश. अकराव्या शतकात काशगरच्या महमूदने तुर्की भाषेचा जो कोश केला, त्यात हा शब्द आहे. लढाईत सैन्याच्या रांगा लावणारा आणि एरवी सैनिकांना लोकांवर जुलूम करू न देणारा माणूस, असा तिथला अर्थ. मला हा अर्थ फार आवडतो. शिपायांचा दंगा आवरणारा माणूस! पुढे बायझंटाइन दरबारानेही हा शब्द उचलला आणि आपल्या ग्रीकमध्ये त्याला पदवीचं रूप दिलं. ऑटोमन साम्राज्यात चावुश म्हणजे दिवाणातला, सुलतानाच्या दरबारी मंडळातला अंमलदार. त्यांचा प्रमुख तो चावुशबाशी. आपल्याकडचे भालदार-चोपदार डोळ्यांसमोर आणा, पण त्यांच्याहून अधिकार पुष्कळ मोठा. हातात चांदी मढवलेली काठी, आणि सुलतानाचा हुकूम घेऊन प्रांतोप्रांती जायचं, तो बजावून यायचा. कधीकधी परदेशी दरबारांतही सुलतानाचं पत्र घेऊन चावुशच जायचे. आजच्या तुर्की सैन्यात चावुश म्हणजे सार्जंट.

आता या अंमलदाराचा इंग्रजीत भामटा कसा झाला?

याचा पहिला लेखी पुरावा एका नाटकात मिळतो. बेन जॉन्सनचं 'द अल्केमिस्ट', १६१० मध्ये रंगभूमीवर आलेलं. लंडनमध्ये प्लेग पसरलाय, ब्लॅकफ्रायर्समधल्या एका घराचा मालक जीव वाचवायला गावाबाहेर गेलाय, आणि मागे राहिलेला नोकर दोन साथीदारांना घरात घेऊन फसवणुकीचं दुकान थाटतो. नोकर फेस कप्तान बनतो, सटल किमयागार पंडित बनतो, आणि डॉल लागेल ती बाई बनते. पहिलं गिऱ्हाईक म्हणून येतो डॅपर, एका वकिलाकडचा तरुण कारकून. त्याला जुगारात जिंकून देणारं एखादं भूत-पिशाच्च हवंय. पंडित मोठे आढेवेढे घेतो, हे काम कायद्याविरुद्ध आहे, बाहेर फुटलं तर मरण, वगैरे. तेव्हा डॅपर शपथा घ्यायला लागतो. मी हे कुठे बोललो तर माझ्या या हाताला पुन्हा कोर्टाचं वळणदार अक्षर लिहिता येऊ नये, म्हणतो. कारकुनाची शपथही कारकुनीच! आणि पुढे विचारतो: तुम्ही मला समजता काय, मी काय चाउस आहे?

फेस विचारतो, म्हणजे काय?

डॅपर सांगतो, तो तुर्क नव्हता का आला इथे. म्हणजे, मी काय तुर्क वाटलो का तुम्हाला, असं म्हणायचंय मला.

या तीन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. फेसचा प्रश्न इथे फार मोलाचा आहे. लंडनच्या गल्लीबोळांत वाढलेल्या, पक्क्या लबाड माणसालाही हा शब्द कोणाकडून तरी समजून घ्यावा लागतो, याचा अर्थ १६१० मध्ये शब्द ताजा होता. कानावर आलेला, पण सगळ्यांच्या तोंडी बसलेला नाही. आणि डॅपरचं उत्तरही बघा, तो शब्दाचा अर्थ सांगत नाही, घटना सांगतो. तुर्क इथे आला होता. प्रेक्षकांना एवढं पुरलं असणार. कोण तो तुर्क, हे सांगायची गरज नव्हती.

पुढे डॅपरचं जे होतं ते या शब्दापुरतं जरुरीचं नाही, तरी सांगतेच. परीराणी तुझी मावशी आहे, तिच्या दर्शनाला यायचं तर अंगावर एक पैही ठेवायची नाही, असं सांगून त्याचे डोळे बांधतात. परी म्हणून चिमटे काढत काढत त्याच्याकडचं सगळं काढून घेतात. त्याला कबूल करावं लागतं की मनगटाला एक सोन्याचं नाणं बांधलेलं आहे, प्रेयसीने दिलेलं, आणि ती सोडून गेल्यापासून घातलेलं एक शिशाचं हृदय. शिशाचं हृदय ते त्याच्याकडेच राहू देतात. मग दुसरं गिऱ्हाईक दारात आलं म्हणून याच्या तोंडात आल्याच्या केकचा बोळा कोंबून याला संडासात बंद करतात. शेवटी राणी बनलेल्या डॉलसमोर तो गुडघे टेकतो आणि आभार मानून जातो. 'मी काय चाउस आहे?' असं ताठ मानेने विचारणाऱ्या पोराची ही गत. जॉन्सनने तो शब्द याच पात्राच्या तोंडी घातला, हे मला त्याच्या कसबाचं लक्षण वाटतं.

आता तो तुर्क. जुलै १६०७ मध्ये मुस्तफा नावाचा एक चावुश लंडनला येऊन पोचला. सुलतान पहिला अहमद याच्याकडून आलेला राजदूत म्हणून तो वावरला, राजा पहिल्या जेम्सने त्याची भेटही घेतली. आणि त्याच्या मुक्कामाचा, खाण्यापिण्याचा, सरबराईचा खर्च पडला लेव्हंट कंपनीवर. ही कंपनी म्हणजे तुर्कस्तानशी व्यापार करण्याची सनद असलेले इंग्रज व्यापारी. इस्तंबूलमधला इंग्रज वकीलही यांच्याच पैशावर चालायचा, कारण राजाला व्यापार हवा होता पण खर्च नको होता. या व्यापाऱ्यांना इस्तंबूलचे हुद्दे चांगले ठाऊक होते. चावुश कोण असतो आणि त्याची पायरी कुठली, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. साधा हुकूम पोचवणारा अंमलदार राजदूताच्या थाटात आपल्या पैशाने राहतोय, हे त्यांना किती झोंबलं असेल, याची कल्पना येते. पण हाकलणार कसं? सुलतान रागावला तर गोदीतला माल अडकतो.

म्हणजे 'चाउस' हा शब्द लंडनमध्ये भामटा या अर्थी फिरायला लागला तो बहुधा या चिडलेल्या व्यापाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलांवरून. आणि आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. त्या काळच्या इंग्रजीत 'तुर्क' हीच एक शिवी होती. क्रूर, बेइमान, वचन मोडणारा, असा त्या शब्दाचा रंग. डॅपरचं वाक्यच त्याची साक्ष आहे: चाउस आहे का मी, म्हणजे तुर्क आहे का मी. अशा शहरात चावुशाला भामटा ठरवायला त्याने कोणाला लुबाडावंच लागतं असं नाही. पाहुणा महाग पडला, एवढं पुरे. माझं मत विचाराल तर मुस्तफाने चोरी केली असं म्हणायला काहीही आधार नाही. सुलतानाचं पत्र घेऊन आलेल्या माणसाने यजमानाच्या खर्चाने राहावं, हा ऑटोमन दरबाराचा रिवाजच होता. इस्तंबूलला गेलेल्या परदेशी वकिलांनाही तिथे सरकारी शिधा मिळायचा.

पण ही साधी, किरकोळ वाटणारी हकिकत मागे पडली आणि तिच्या जागी एक खमंग गोष्ट आली. ती रचली, किंवा निदान छापली, विल्यम गिफर्डने. त्याने १८१६ मध्ये बेन जॉन्सनची सगळी नाटकं नऊ खंडांत संपादून काढली, आणि डॅपरच्या त्या ओळीखाली एक टीप दिली. टिपेचा सारांश असा: १६०९ मध्ये सर रॉबर्ट शर्लीने आपल्या आधी एक चावुश लंडनला पाठवला, तुर्की सुलतान आणि इराणचा शाह अशा दोघांचा प्रतिनिधी म्हणून. शर्ली स्वतः दोघांचा राजदूत म्हणून मागून येणार होता. तो पोचायच्या आत या चावुशाने लंडनमधल्या तुर्की आणि इराणी व्यापाऱ्यांना ४,००० पौंडांना टोपी घातली आणि तो पसार झाला.

वाचायला झकास आहे. तारीख आहे, रक्कम आहे, बडं नाव आहे, पळून गेलेला चोर आहे. नंतरच्या कितीतरी शब्दकोशांनी ही गोष्ट जशीच्या तशी उचलली. आमच्या वेळच्या एका पाठ्यपुस्तकाच्या टिपांतही ती होती.

पण जरा थांबून तपासा. १६०९ मध्ये सुलतान आणि शाह अब्बास यांचं युद्ध चालू होतं. ते १६०३ मध्ये पेटलं आणि १६१८ पर्यंत चाललं. रॉबर्ट शर्ली शाहचा माणूस होता. शाहने त्याला युरोपात पाठवलं होतं तेच मुळी तुर्कांविरुद्ध युरोपच्या राजांना उभं करायला. असा माणूस सुलतानाचाही राजदूत? एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन राजांचा एकच वकील, आणि त्याने आधी पाठवलेला माणूस चावुश, म्हणजे सुलतानाचा अंमलदार! आणि ज्यांना लुटलं म्हणतात ते लंडनमधले तुर्की आणि इराणी व्यापारी कोण होते? तो सगळा व्यापार तर इंग्रजांच्या लेव्हंट कंपनीच्या मुठीत होता. शिवाय मुस्तफा येऊन गेला १६०७ मध्ये, नाटक आलं १६१० मध्ये. डॅपरच्या तोंडी 'तुर्क आला होता' हे वाक्य त्या मुस्तफाला चपखल बसतं, दुसरा चोर आणायची गरजच नाही.

ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या संपादकांनी ही गोष्ट फार पूर्वीच संशयाच्या पिंजऱ्यात उभी केली होती. माझ्याकडे त्याची ती दोन खंडांतली आवृत्ती आहे, एका पानावर मूळची चार पानं बारीक करून छापलेली, सोबत भिंग दिलेली. त्या भिंगाखाली 'चाउस'ची नोंद वाचली तर संपादक स्पष्ट सांगतात: गिफर्डच्या टिपेबाहेर या प्रसंगाचा कुठेही माग लागलेला नाही. गिफर्डच्या आधी १७५६ मध्ये बेन जॉन्सनची नाटकं संपादणाऱ्या व्हॅलीला तो माहीत नव्हता, सतराव्या शतकातल्या व्युत्पत्तिकार स्किनरला नव्हता, कोशकार डॉक्टर सॅम्युअल जॉन्सनला नव्हता. दोनशे वर्षांत कोणालाच माहीत नसलेली ४,००० पौंडांची चोरी गिफर्डला कुठून कळली, याचं उत्तर त्याने दिलेलं नाही. एवढी मोठी रक्कम बुडाली असती तर लंडनमध्ये बोंब झाली असती, अर्ज-फिर्यादी झाल्या असत्या. व्यापारी माणूस चार पैशांसाठी दरबाराचे उंबरे झिजवतो, इथे तर चार हजार पौंडांची बाब.

सॅम्युअल जॉन्सनचा उल्लेख आला म्हणून सांगते. त्याच्या १७५५ च्या कोशात या शब्दाखाली स्किनरच्या फ्रेंच आणि जर्मन अटकळी दिल्या आहेत, थट्टा करणं, लाडीगोडी लावणं अशा अर्थांच्या क्रियापदांकडून हा शब्द आला असेल म्हणून. त्या त्यालाही पटलेल्या दिसत नाहीत. बहुधा हा बाजारी शब्द आहे, त्याला व्युत्पत्तीच नाही, असं लिहून तो मोकळा होतो. पुरावा नसताना गोष्ट रचण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण जॉन्सनच्या नोंदीत त्याहून मोठी गंमत आहे. नाम म्हणून त्याने दिलेला पहिला अर्थ आहे: सहज फसवला जाईल असा माणूस. म्हणजे दीडशे वर्षांत चाउस फसवणारा राहिला नव्हता, फसणारा झाला होता. डॅपरने ज्या अर्थाने हात झटकले तो अर्थ गेला आणि डॅपर स्वतः जो होता तो अर्थ उरला. क्रियापद मात्र पेपिसच्या अर्थाने चालू राहिलं: फसवणं, लुबाडणं.

अधिकाऱ्याच्या हुद्द्यातून लबाडीचा शब्द निघण्याचं हे इंग्रजीतलं एकमेव उदाहरण नाही. 'चीट' हा आपल्या रोजच्या तोंडातला शब्दही असाच आहे. बेवारस मेलेल्या माणसाची जमीन राजाकडे जमा होणं, याला जुन्या कायद्यात 'एस्चीट' म्हणत. ते काम करणारा सरकारी अंमलदार 'एस्चीटर'. हे लोक वारस असतानाही जमिनी लाटायचे, असा त्यांचा इतका बोभाटा झाला की शब्दाचं डोकं उडालं आणि 'चीट' उरलं. फरक एवढाच की एस्चीटर इंग्रजांचेच होते आणि त्यांचे उद्योग लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले होते. ती बदनामी कमावलेली होती. चावुशाची तशी नव्हती.

आता मराठवाड्यातले चाऊस. हेही मूळचं तेच तुर्की चावुश. येमेनच्या हद्रामौत भागातून अरब लोक निजामाच्या फौजेत चाकरीला आले. मराठ्यांच्या फौजांतही अरब होते आणि किल्ला लढवण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. या शिपायांना चाऊस हे नाव पडलं ते सैन्यातल्या हुद्द्यावरून, ऑटोमन फौजेतला तोच चावुश. हैदराबादेत त्यांची वस्ती झाली ती बारकस, 'बॅरक्स'वरून नाव पडलेली. तिथून ही माणसं मराठवाडाभर पसरली, मराठी बोलायला लागली, हुद्द्याचं आडनाव झालं. म्हणजे एकाच हुद्द्याच्या दोन वाटा झाल्या. लंडनला गेला तो तीन वर्षांत शिवी झाला. दख्खनला आला तो शिपायाची ओळख होऊन राहिला, अजूनही दारावरच्या पाटीवर आहे.

एका वर्षी बी.ए.च्या वर्गात पेपिसचं वाक्य वाचल्यावर चाऊस आडनावाच्या एका विद्यार्थिनीने मला थेट विचारलं होतं, मॅडम, म्हणजे आमच्या आडनावाचा अर्थ फसवणारा असा आहे का? मी तिला काशगरच्या महमूदच्या कोशातला अर्थ सांगितला, रांगा लावणारा आणि जुलूम होऊ न देणारा. तो तिने वहीत लिहून घेतला. तो अर्थ या शब्दाचा जन्माचा अर्थ आहे. इंग्रजीतला अर्थ त्यानंतर पाचशे वर्षांनी, एका परक्या शहरात, खर्चावरून चिडलेल्या लोकांनी दिलेला आहे.

इंग्रजीत आज 'चाउस' जुन्या पुस्तकांबाहेर फारसा भेटत नाही. इंटरनेटवर मात्र गिफर्डचा चार हजार पौंडांचा चोर जोरात आहे. शब्दांच्या गमती सांगणाऱ्या लेखांत तो दर थोड्या दिवसांनी नव्याने पळून जातो. तुर्की उगम बरोबर आहे, तो मला मान्य आहे. चोरीची गोष्ट मान्य नाही. माझ्याकडच्या ज्या ज्या पुस्तकात ती इतिहास म्हणून छापली आहे, तिथे समासात मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय: मुस्तफा, १६०७. चोरीचा पुरावा नाही.